तापीकाठचं शहर, डोंगराचं पाणी

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. गावातल्या कुठल्याही गच्चीवर गेलं की तो दिसतो. श्रावणात गर्द हिरवा, होळीच्या सुमारास पळसाने जागोजाग पेटलेला आणि वैशाखात नुसताच करडा. या डोंगराच्या आपल्या अंगाला पडलेला पाऊस नाल्याओढ्यांतून पूर्णेला मिळतो, पलीकडच्या अंगाला पडलेला तापीला. पुढे चांगदेवला पूर्णा तापीत मिसळते आणि डोंगराने वेगळं केलेलं पाणी पुन्हा एक होतं. तिथं पोचण्याआधी तापी एका मोठ्या जुन्या शहराच्या पायथ्यावरून आलेली असते. ते शहर बऱ्हाणपूर.

घाट ओलांडला की दोनेक तासांत माणूस बऱ्हाणपुरात असतो. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं जात आली आहेत. कुणी कापडासाठी, कुणी केळीच्या व्यवहारासाठी, कुणी दर्ग्याला नवस फेडायला, कुणी सोयरिकीला. तिथल्या दुकानात मराठीत भाव विचारला तर मराठीतच उत्तर येतं. मध्य प्रदेशाची पाटी लागते तेवढाच काय तो फरक. त्यामुळे बऱ्हाणपूर हे आम्हाला कधी ‘पर्यटनाचं ठिकाण’ वाटलंच नाही. ते शेजारचं गाव होतं. ते शहर म्हणून बघण्याची नजर मला मिळाली ती बुडापेस्टहून परतल्यावर.

मुलगी नोकरीनिमित्त तिकडे राहते, म्हणून जाणं झालं. डॅन्यूब नदी मधोमध वाहते. पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ही दोन आणि शेजारचं ओबुडा अशी वेगवेगळी गावं १८७३ साली एक झाली आणि आजचं बुडापेस्ट तयार झालं. त्याआधी १८४९ मध्ये दोन काठांना जोडणारा पहिला कायमचा पूल उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने तिथले सगळे पूल उडवले. लोकांनी ते पुन्हा बांधले. संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की संसदेच्या इमारतीचे दिवे पाण्यात उतरतात आणि जगभरचे लोक त्याचे फोटो काढत असतात. ते सुंदर आहेच. मला मात्र त्या शहरातल्या दोन गोष्टींनी जास्त धरून ठेवलं.

पहिली म्हणजे तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेलं रुदास नावाचं स्नानगृह. १५४१ ते १६८६ अशी जवळजवळ दीड शतकं बुडावर उस्मानी तुर्कांची सत्ता होती. डॅन्यूबच्या काठाला जमिनीतून गरम पाण्याचे झरे फुटतात, ते बघून त्यांनी हमाम बांधले. घुमटाला गोल गोल भोकं, त्यातून उन्हाचे कवडसे खाली येतात आणि घुमटाखालच्या अष्टकोनी हौदात आजही लोक गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेले असतात. राज्य गेलं, धर्म बदलला, मग साम्राज्यं गेली, साम्यवाद आला आणि गेला. झरा आहे म्हणून हमाम चालू आहे. दुसरी गोष्ट पेस्टच्या बाजूला, नदीलगतच्या जुन्या चर्चमध्ये. तुर्कांच्या काळात त्या चर्चची मशीद झाली होती. पुढे पुन्हा चर्च झालं, पण भिंतीतला मेहराब तसाच राहिला आहे. प्रार्थनेला आलेली माणसं त्याच्यासमोरून जातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी त्या कोनाड्यासमोर बराच वेळ उभा होतो आणि डोक्यात बऱ्हाणपूरची जामा मशीद घोळत होती.

कारण या चर्चची जोडीदारीण आपल्याकडे सातपुड्याच्या पलीकडे आहे. बऱ्हाणपूरच्या भर बाजारात काळ्या दगडाची जामा मशीद आहे. घुमट नाही, पंधरा कमानी आणि दोन उंच मिनार. फारुकी घराण्याच्या आदिलशाह ऊर्फ राजा अली खानाने ती बांधवली. आतल्या भिंतीवर अरबी शिलालेख आहे आणि त्याच्याबरोबर चक्क संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो आणि मग बांधकामाची मिती देतो: संवत १६४६, शके १५११, पौष शुक्ल पक्ष, सोमवार, वर तिथी, नक्षत्र, योग, करण सगळं अगदी पंचांगात देतात तसं. म्हणजे इसवी सन १५९० चा जानेवारी. मशिदीचा मुहूर्त ज्योतिषाने काढलेला आणि तो राजाने दगडात कोरून ठेवलेला. अकरा वर्षांनी अकबराने असीरगड घेऊन हे राज्य बुडवलं, तेव्हा त्यानेही याच मशिदीवर आपला फारसी लेख खोदून घेतला. एकाच वास्तूवर तीन भाषा, आणि तिन्ही अजून वाचता येतात. प्रत्येक वेळी गेलो की मी आधी त्या संस्कृत ओळींपाशी जातो. अक्षरं देवनागरी असल्यामुळे आपण ती बोटाने लावू शकतो, याचा आनंद वेगळाच असतो.

बऱ्हाणपूरही दोन काठांचंच. चौदावं शतक संपता संपता नासिर खान फारुकीने तापीच्या उत्तर काठाला शहर वसवलं आणि खुलदाबादला विसावलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. दक्षिण काठाला जैनाबाद वसलं, तेही दुसऱ्या सूफीच्या, शेख जैनुद्दीन यांच्या नावाने. बुडाच्या टेकडीवरही असाच एक दर्वेश विसावला आहे, गुल बाबा. तो १५४१ साली वारला, त्याची कबर आजही जपलेली आहे. साधूला जपण्याची रीत तापीकाठीच नव्हती, पण आपल्या इथं दोन्ही काठांवर साधूंच्या नावाने शहरं उभी राहिली.

मुघलांनी बऱ्हाणपूरला दख्खनचं दार केलं. दख्खनवर येणारी प्रत्येक फौज इथं तळ देऊन मगच पुढे सरकली. तापीच्या काठावरचा शाही किल्ला आता पुष्कळसा ढासळलेला आहे, पण हमामच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. या किल्ल्यात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. शाहजहान तेव्हा खान जहान लोदीच्या बंडामागे दख्खनमध्ये उतरलेला होता. पलीकडच्या काठाला, जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत तिला पुरलं; सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला आणि तिथं ताजमहाल उभा राहिला. जगातले लोक आग्र्याला जातात. आहूखान्यात तुम्ही गेलात तर बहुधा एकटेच असाल.

मराठी माणसाने मात्र याहून जास्त वेळ द्यावा तो राजाच्या छत्रीला. शहरापासून थोडं दूर, तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ खांबांची, घुमटांची एक देखणी दगडी वास्तू आहे. मिर्झाराजे जयसिंगाची ही छत्री. १६६५ साली पुरंदरच्या पायथ्याशी ज्याने शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले लिहून घेतले, तोच हा मिर्झाराजा. महाराज आग्र्याहून निसटले आणि त्याची पत ढासळली. विजापूरच्या मोहिमेतही हाती फारसं लागलं नाही. औरंगजेबाने त्याला परत बोलावलं आणि परतीच्या वाटेवर, २८ ऑगस्ट १६६७ रोजी, तो बऱ्हाणपुरातच वारला. आपण पुरंदरच्या तहाचं पान पाठ करतो आणि पुस्तक मिटतो. त्या तहावर सही घेणाऱ्या माणसाचा शेवट आपल्याच शेजारच्या नदीच्या काठावर झाला, हे छत्रीखाली उभं राहिल्यावर कळतं. तापीचं पात्र समोर पसरलेलं असतं. मला त्या माणसाबद्दल तिथं राग येत नाही. धन्याची चाकरी निष्ठेने केली आणि धन्यानेच त्याचं ऐकून घेतलं नाही. तेरा वर्षांनी, जानेवारी १६८१ मध्ये, राज्याभिषेक होताच संभाजी महाराजांनी हंबीरराव मोहित्यांची फौज याच बऱ्हाणपूरवर धाडली आणि बहादूरपुऱ्याची पेठ लुटली. त्याच वर्षी औरंगजेब स्वतः दख्खनला उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात येऊन राहिला. तो पुन्हा उत्तरेला गेला नाही. पुढे १७६० मध्ये उदगीरला निजाम हरल्यावर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आलं.

परदेशी माणसांनीही हे शहर पाहिलं आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथं आला, शहजादा परवेझला भेटला आणि इथंच आजारी पडला. त्याला शहरातली बहुतेक घरं मातीची दिसली. फ्रेंच जव्हेरी ताव्हर्निए १६४१ मध्ये इथून गेला. त्याला शहर पडझडीला आलेलं वाटलं, घरं गवताने शाकारलेली. पण इथल्या तलम, पारदर्शक मलमलीचं त्याने कौतुक केलं आणि ते कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जातं असं नोंदवून ठेवलं. युरोपातल्या नदीकाठच्या शहरांतल्या श्रीमंत बायकांनी तापीच्या पाण्यात धुतलेलं कापड अंगावर घेतलं असेल. आज बऱ्हाणपुरात यंत्रमागांची खडखड गल्लीगल्लीत ऐकू येते, ती त्याच धंद्याची पुढची पिढी.

रो आला त्याच सुमाराला बऱ्हाणपुरात जमिनीखाली एक काम चाललं होतं. वरून चालणाऱ्या पाहुण्याला ते दिसणं अवघडच. मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते हे काम.

शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याकडे, शेतांमधून विटांचे गोल कठडे एका रांगेत गेलेले दिसतात. आपल्याकडच्या विहिरींसारखेच, पण एकामागे एक, ठरावीक अंतराने, डोंगराकडून गावाकडे. हा कुंडी भंडारा. काही जण खुनी भंडारा म्हणतात. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा कवी रहीम, दख्खनचा सुभेदार म्हणून बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या कारकिर्दीत १६१५ च्या सुमारास हे काम झालं. इराणी भूगर्भजाणकार तबकुतुल अर्ज याचं नाव या कामाशी जोडलं जातं. इराणात वाळवंटाच्या कडेने अशीच भूमिगत पाटांची जाळी आहेत, त्यांना कनात म्हणतात. ती विद्या इथं सातपुड्याला लावली.

खाली उतरायला लिफ्ट आहे. ती चालवणारा तरुण म्हणाला, “काका, चपला वरच काढा. खाली शेवाळ आहे, पाय घसरेल.” बोलणं आमच्याच वळणाचं वाटलं म्हणून विचारलं, तर त्याच्या मामाचं गाव संग्रामपूरजवळचं निघालं. पाळणा हळूहळू खाली गेला. वरचा आकाशाचा गोल लहान लहान होत गेला आणि अंगाला गारवा लागला. तळाशी पाय टेकले तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं, आणि ते वाहत होतं. पायाच्या बोटांना त्याची ओढ स्पष्ट कळत होती. समोर बोगदा, माणूस वाकून जाईल एवढा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर जमलेले, कुठं गुळगुळीत, कुठं हाताला टोचणारे. भिंतीतूनच पाणी पाझरत होतं; बोट लावलं तिथून थेंब फुटून खाली आला. पुढच्या कुंडीतून उजेडाचा एक खांब बोगद्यात उतरलेला, त्याच्यापलीकडे दुसरा, त्याच्यापलीकडे तिसरा. मी ओंजळ भरून प्यालो. गोड, थंड पाणी.

पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकांच्या थरांतून उताराने तापीकडे सरकत असतो. तापीला मिळण्याआधीच या कुंड्या त्याला वाटेत अडवतात. बोगद्याचा उतार इतका नेमका, की पाणी आपल्या ओघाने जाली करंजाच्या हौदापर्यंत येतं आणि तिथून मातीच्या नळांतून शहराला वाटलं जायचं. असे आठ भंडारे बांधले होते असं सांगतात. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा ही त्यांतली नावं. एकट्या कुंडी भंडाऱ्यावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. वरची कुंडी हवा आणि उजेड देते, गाळ काढायला वाट देते.

काठावर बारमाही नदी असताना हा एवढा खटाटोप कशाला केला असेल? किल्ल्याच्या भिंतीवरून खाली बघितलं की उत्तर मिळतं. तापी खूप खाली आहे. तिचं पाणी उंच काठावर चढवायला बैल लागले असते, माणसं लागली असती. पावसाळ्यात ते गढूळ. वर फौजेचा कायमचा तळ, हजारो माणसं, घोडे, हत्ती, आणि कुणी नदीत विष कालवलं तर सगळंच संपलं. त्या शहाण्या लोकांनी नदीला नदी राहू दिलं आणि पिण्याचं पाणी डोंगराकडून मागितलं. मला बऱ्हाणपूरचं मोठेपण इथं दिसतं. किल्ला, मशीद, मलमल, सगळं या बोगद्यातल्या पाण्यावर उभं होतं. बुडापेस्टचा तुर्की हमाम जसा झऱ्यावर उभा आहे, तसंच.

आणि म्हणूनच त्या बोगद्यातून वर आल्यावर मला बरं वाटण्याऐवजी वाईट वाटलं. कारण मी खारपाणपट्ट्यातला माणूस आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हे आमचे तालुके पूर्णेच्या खोऱ्यातले. अमरावती, अकोल्यापासून बुलढाण्यापर्यंत पूर्णेकाठी हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळीभोर, कापूस, तूर पिकते, पण विहीर खणली की खारं पाणी. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालेल्या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने माणसं गेली आहेत. ज्या घरातला कर्ता माणूस डायलिसिसला अकोल्याला खेटे घालतो, त्या घरात जाऊन बसा, म्हणजे खारपाण म्हणजे काय ते समजेल. भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. त्यांच्या चेहऱ्यांवर जी चिंता असते ती पिढीजात आहे.

त्याच सातपुड्याचं पाणी. पलीकडे चारशे वर्षांपूर्वी त्याला वाटेत अडवून गोडच्या गोड गावात आणलं. आपल्याकडेही डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा एक पट्टा आहे, भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यात पाणी झपाट्याने मुरतं. तिथल्या विहिरींचं पाणी गोड असतं. तेच पुढे पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत गेलं की खारट. जामोद, सोनबर्डी, कुवरदेवकडच्या कोरकू, निहाल, भिलाला वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे. आमच्या तालुक्यांतल्या १४० गावांची पाणीयोजना वान धरणावर, म्हणजे पुन्हा सातपुड्याच्याच पाण्यावर बेतली आहे. खारपाणपट्ट्याला पाणी डोंगराकडूनच येणार, दुसरीकडून येण्यासारखं नाही.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन सरकारांनी तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही राज्यांच्या सीमेवर खारिया-गुटीघाटला तापीचं पुराचं पाणी अडवायचं आणि सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांतून फिरवून बझाड्यात मुरवायचं, अशी ही कल्पना. बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांना तिचा फायदा सांगितला आहे. योजना फार मोठी आहे, तिला वर्षं लागतील, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे. पण तिचं मूळ सूत्र, डोंगराच्या पायथ्याशी पाणी जमिनीत राखायचं आणि मग उताराने घ्यायचं, हे आपल्या शेजारच्या शहरात रहीमच्या काळापासून वाहतं आहे. मार्च २०२४ मध्ये या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं. मात्र भोवतालच्या शेतांत बोअर वाढल्या आहेत, आणि बोगद्यात चुन्याचे थर साचत चालले आहेत. युनेस्कोचा मान राखायचा तर डोंगर आणि त्याच्या पायथ्याची जमीन आधी राखावी लागेल.

बऱ्हाणपूर बघायला जाणाऱ्याने क्रम उलटा धरावा असं माझं मत आहे. सगळे जण आधी किल्ला बघतात, मग बाजारात खव्याची जाड, तपकिरी मावा जिलेबी खातात, वेळ उरला तर भंडारा. तुम्ही सकाळी आधी कुंडी भंडाऱ्यावर जा. मग जाली करंज, मग किल्ला आणि हमाम, मग जामा मशीद. दुपारी दर्गा-ए-हकीमीच्या संगमरवरी अंगणात थोडं टेका. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडच्या वाटेवर इथं थांबले होते, त्यांच्या आठवणीचा बडी संगत गुरुद्वारा बघा. संध्याकाळी राजाची छत्री. जिलेबी परतीच्या वाटेवर खा, कारण ती खाल्ल्यावर दुसरं काही करावंसं वाटत नाही.

आणि जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेची सहल दरवर्षी कुठेतरी जातेच. यंदा ती घाट ओलांडून कुंडी भंडाऱ्यावर न्या. पोरांना त्या पाण्यात पाय बुडवू द्या, भिंतीला बोट लावू द्या, एक ओंजळ पाणी पिऊ द्या. मग परत आल्यावर आपल्या शाळेच्या हातपंपाचं पाणी त्यांच्यासमोर ठेवा आणि हा फरक का पडला, ते त्यांनाच शोधायला सांगा.